पट्टकृमीला आतडेच नाही, तर मग त्याचे अन्न पचवतो कोण?

मागचा_बाक (प्रश्न)

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्राणिशास्त्र शिकत आहे. चपट्या कृमींच्या संघावरील प्रकरण वाचताना एका वाक्यापाशी मी अडलो आहे. ‘पट्टकृमीला पचनसंस्था नसते, पोशिंद्याने पचवलेले अन्न तो शरीराच्या पृष्ठभागातून शोषून घेतो,’ असे ते वाक्य आहे. परीक्षेत एवढे लिहिले की गुण मिळतात हे मला ठाऊक आहे, पण त्या वाक्याने माझे समाधान होत नाही आणि वर्गात विचारायला संकोच वाटतो, म्हणून येथे विचारत आहे.

माझी पहिली अडचण ‘पृष्ठभागातून शोषून घेतो’ या शब्दांविषयी आहे. आपण साखरेच्या पाण्यात हात बुडवून कितीही वेळ बसलो तरी साखर रक्तात जात नाही. मग पट्टकृमीच्या त्वचेत असे काय आहे, की काही मीटर लांबीचा प्राणी केवळ तिच्या जोरावर वर्षानुवर्षे जगतो? दुसरी अडचण अशी की, त्याच संघातल्या यकृतकृमीला मात्र तोंड आहे, ग्रसनी आहे आणि दोन फाट्यांचे आतडेही आहे. दोघेही परजीवी, दोघेही चपटे, मग एकाने आतडे टाकून दिले आणि दुसऱ्याने ठेवले, असे का? शिवाय यकृतकृमीला गुदद्वार नाही, तर न पचलेले अन्न जाते कोठे? तिसरी अडचण मला सर्वांत विचित्र वाटते. मांसाचा तुकडा ज्या पाचक रसांत काही तासांत विरघळतो, त्याच रसांत पट्टकृमी उघड्या अंगाने पडून असतो. तो स्वतः कसा पचत नाही?

जाणकारांनी सविस्तर उत्तर दिल्यास आभारी राहीन.

निवृत्त_प्रयोगशाळा

तुमच्या पहिल्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सुटली की पुढच्या दोन्ही बऱ्याच सोप्या होतात. माझ्या विद्यार्थिदशेत जी जुनी पुस्तके आमच्या हाती होती, त्यांत पट्टकृमीच्या आवरणाला ‘क्यूटिकल’ म्हटलेले असे, आणि ते शरीराने बाहेर टाकलेले एक निर्जीव, चिवट वेष्टन आहे अशी समजूत होती. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते खरोखरच तसे दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, विशेषतः १९६० च्या दशकात, ही समजूत कोसळली. संशोधक थ्रेडगोल्ड यांनी १९६३ मध्ये यकृतकृमीच्या आवरणाचे जे वर्णन केले, त्यातून आणि त्याच सुमारास पट्टकृमींवर झालेल्या कामातून असे स्पष्ट झाले की हे आवरण जिवंत पेशीद्रव्याचा एक अखंड थर आहे. त्याला आता टेग्युमेंट म्हणतात.

या थराची रचना नीट समजून घ्या. त्यात पेशी-पेशींमधल्या भिंती नाहीत. संपूर्ण शरीरावर एकच सलग पेशीद्रव्य पसरलेले आहे. केंद्रके मात्र त्या थरात नसून स्नायूंच्या पट्ट्यांखाली, शरीराच्या आत सुरक्षित बसलेली असतात, आणि पेशीद्रव्याच्या बारीक पुलांनी ती वरच्या थराशी जोडलेली असतात. कारखाना तळघरात आणि दुकान रस्त्यावर, अशी ही व्यवस्था आहे. वरचा पापुद्रा झिजला किंवा दुखावला, तरी नवे पटल तयार करून वर पाठवणारी यंत्रणा खाली शाबूत राहते.

पट्टकृमीत या थराच्या बाहेरच्या अंगावर असंख्य सूक्ष्म केसांसारखे उंचवटे असतात, ज्यांना मायक्रोट्रिक्स म्हणतात. आपल्या लहान आतड्यातील पेशींवर जे सूक्ष्मांकुर असतात, त्यांच्याशी यांचे साम्य इतके आहे की नवशिक्याने चित्र पाहून फसावे. फरक एवढाच की मायक्रोट्रिक्सच्या टोकाला टणक, गर्द दिसणारी, टोकदार टोपी असते. या उंचवट्यांमुळे शोषणाचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो, आणि आतड्याच्या भिंतीशी घर्षण होऊन कृमीला जागा धरून राहायलाही मदत होते. साखरेच्या पाण्यात बुडवलेल्या हाताशी म्हणूनच तुलना करू नका. आपल्या हातावर मृत, केराटिनयुक्त पेशींचे थर असतात. पट्टकृमीच्या अंगावर जिवंत शोषक पटल असते. तो अंगावर आतडे पांघरलेला प्राणी आहे, असे मी वर्गात सांगत असे, आणि ही उपमा मला आजही चुकीची वाटत नाही.

आता शोषणाकडे वळू. ग्लुकोज आपोआप झिरपत नाही. त्याच्यासाठी पटलात वाहक प्रथिने बसवलेली असतात, आणि सोडियमच्या आयनांच्या जोडीने ते ओढून घेतले जाते. त्यामुळे बाहेर ग्लुकोज विरळ आणि आत दाट असले तरीही कृमी ते आत घेऊ शकतो. हे सक्रिय वहन आहे आणि त्याला ऊर्जा खर्च करावी लागते. अमिनो आम्लांसाठी एकच वाहक नसून वेगवेगळ्या गटांसाठी वेगवेगळे वाहक आहेत. लांब साखळीची मेदाम्ले आणि कोलेस्टेरॉल कृमीला मुळापासून तयार करताच येत नाहीत. ती पोशिंद्याकडून तयार घ्यावी लागतात. आत घेतलेल्या ग्लुकोजचा मोठा भाग ग्लायकोजेनच्या रूपाने साठवला जातो. प्राणवायू अत्यल्प असलेल्या आतड्यात त्याचे पूर्ण ज्वलन होत नाही, म्हणून सक्सिनिक, अॅसिटिक आणि लॅक्टिक आम्ले बाहेर टाकून कृमी आपले भागवतो. साखरेचा हा उधळा वापर आहे, पण साखर फुकट मिळत असताना काटकसर कोण करतो?

पाठ्यपुस्तकातील वाक्याची खरी उणीव ‘पचवलेले अन्न’ या शब्दांत आहे. पट्टकृमी केवळ तयार जेवणावर हात मारतो, असे नाही. त्याच्या पटलात स्वतःची काही विकरे बसवलेली असतात. उदाहरणार्थ, फॉस्फेट जोडलेल्या साखरेतून फॉस्फेट तोडणारी विकरे. तोडलेली साखर जेथे मोकळी होते तेथेच, अगदी शेजारी, तिचा वाहक असतो. त्यामुळे ती आतड्याच्या प्रवाहात वाहून जाण्याआधीच आत ओढली जाते. याशिवाय पटलाबाहेर शर्करा आणि प्रथिनांचा जो मऊसर लेप असतो, ज्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात, त्यावर पोशिंद्याचे स्वादुपिंडातून आलेले अॅमिलेज चिकटते, आणि चिकटल्यावर त्याची पिष्ट तोडण्याची क्षमता वाढते, असे १९६८ मध्ये दाखवले गेले. म्हणजे विकर दुसऱ्याचे, पण काम स्वतःच्या दारात करून घ्यायचे. याला स्पर्शपचन किंवा पटलपचन म्हणतात. तेव्हा तुमच्या शीर्षकातील ‘पचवतो कोण’ याचे प्रामाणिक उत्तर ‘मुख्यतः पोशिंदा, पण शेवटचा घाव पुष्कळदा कृमीच्या अंगावर’ असे आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, कारण पुस्तके ती सांगत नाहीत. चित्र छापलेले असते माणसातील टीनिया या पट्टकृमीचे, पण वर सांगितलेले जवळजवळ सर्व ज्ञान उंदरांत राहणाऱ्या हायमेनोलेपिस डिमिन्यूटा या कृमीवरून आलेले आहे. तो प्रयोगशाळेत सहज वाढवता येतो, २० ते ६० सेंटिमीटर लांब होतो आणि उंदराला फारसा त्रास देत नाही. परजीवीशास्त्रज्ञ क्लार्क रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदीर आणि कृमी या जोडीवर केलेले आहाराचे प्रयोग मला आजही सुंदर वाटतात. उंदराच्या आहारातून प्रथिने काढून टाकली तरी कृमीच्या वाढीवर विशेष परिणाम होत नाही, कारण पोशिंद्याचे आतडे स्वतःच्या स्रावांतून आणि झडणाऱ्या पेशींतून अमिनो आम्लांचा साठा टिकवून धरते आणि कृमी त्यातूनच उचलतो. कर्बोदके काढून टाकली, की मात्र कृमी खुरटतो. आहारात पिष्ट असेल तर तो चांगला वाढतो, सुक्रोज असेल तर वाढ खालावते. सुक्रोजमधील फ्रुक्टोज त्याला उपयोगी पडत नाही, हे त्याचे एक कारण. एकाच उंदरात कृमी जास्त झाले, की प्रत्येकाचा आकार लहान होतो. १९५१ मध्ये रीड यांनी या ‘गर्दीच्या परिणामा’चा संबंध कर्बोदकांसाठीच्या स्पर्धेशी जोडला. आणखी एक गंमत अशी, की उंदीर रात्री खाऊ लागला की हा कृमी आतड्यात पुढच्या बाजूला सरकतो आणि दिवसा मागे येतो. तोंड नसलेला प्राणी जेवणाची वेळ मात्र अचूक पाळतो.

गोठ्याचा_डॉक्टर

वरील उत्तर उत्तम आहे. मी जनावरांचा डॉक्टर असल्यामुळे यकृतकृमीच्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या अडचणीविषयी लिहितो.

पट्टकृमी जेथे राहतो तेथे अन्न तयार, विरघळलेले आणि सतत वाहत असते. यकृतकृमीची, म्हणजे फॅसिओला हेपॅटिकाची, परिस्थिती तशी नाही. गवताबरोबर पोटात गेलेले त्याचे पिल्लू आतड्यात कोषातून बाहेर पडते, आतड्याची भिंत भेदून उदरपोकळीत उतरते, यकृताचे आवरण फोडून आत शिरते, सहा ते आठ आठवडे यकृताच्या गाभ्यातून पोखरत फिरते, आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावते. या साऱ्या वाटेवर त्याच्यासमोर विरघळलेले अन्न नाही, सबंध ऊती आहेत. त्या फोडायच्या तर तोंड, पंपासारखी चालणारी स्नायुमय ग्रसनी आणि पचनाची जागा या तिन्ही गोष्टी हव्यातच. आतडे टाकून देणे त्याला परवडणारे नव्हते, असे मला वाटते.

त्याचे आतडे दोन फाट्यांचे आहे असे आपण म्हणतो, पण जनावराच्या यकृतातून काढलेला प्रौढ कृमी भिंगाखाली पाहिला, तर त्या दोन फाट्यांना इतक्या उपशाखा फुटलेल्या दिसतात की झाडाचे चित्र पाहतो आहोत असे वाटावे. ३० मिलिमीटर लांब आणि १३ मिलिमीटरपर्यंत रुंद अशा या पानासारख्या शरीरात रक्ताभिसरण संस्था नाही. अन्न प्रत्येक कोपऱ्यापर्यंत पोहोचवायचे तर आतडेच तेथपर्यंत नेणे भाग आहे. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे दोन प्रकार नसतात; एकच पेशी कधी विकरे स्रवते आणि कधी शोषण करते, अशी ती आळीपाळीने रूप बदलते.

विकरांमध्ये मुख्य आहेत ती कॅथेप्सिन नावाची प्रथिनभंजक विकरे. पिल्लाच्या अवस्थेत कॅथेप्सिन बी आणि कोलॅजेनही तोडू शकणारे कॅथेप्सिन एलचे एक रूप यांवर भर असतो, कारण तेव्हा भिंती भेदायच्या असतात. पित्तनलिकेत पोहोचलेला प्रौढ कृमी कॅथेप्सिन एलची दुसरी रूपे मोठ्या प्रमाणात बनवतो, कारण आता प्रामुख्याने रक्त पचवायचे असते. ही विकरे निष्क्रिय स्वरूपात स्रवली जातात आणि आतड्याच्या पोकळीत गेल्यावर सक्रिय होतात. नाहीतर बनवणाऱ्या पेशीचाच घात झाला असता. कृमी पित्तनलिकेचे अस्तरही खातो. त्या अस्तराची जी बेसुमार वाढ होते आणि नलिका जाड होतात, त्यात कृमीने बाहेर टाकलेल्या प्रोलिन या अमिनो आम्लाचा हात असावा, असे प्रयोगांतून सुचवले गेले आहे. तसे असेल तर हा कृमी आपले कुरण स्वतःच वाढवतो, असे म्हणावे लागेल. दिवसाला २०,००० ते २५,००० अंडी घालणाऱ्या प्राण्याला इतके खाणे लागणारच.

गुदद्वार नसल्याने उरलेसुरले अन्न तो तोंडानेच ओकतो. ऐकायला किळसवाणे वाटते, पण आमच्या कामी ते फार येते. ओकलेली कॅथेप्सिन विकरे पित्ताबरोबर आतड्यात आणि तेथून शेणात उतरतात, आणि शेणात ती शोधणारी चाचणी उपलब्ध आहे. कृमी अंडी घालू लागण्याआधीही कधी कधी तिच्यामुळे लागण कळते.

चूषकांविषयीही पुष्कळ विद्यार्थी चुकतात, म्हणून सांगतो. यकृतकृमीला दोन चूषक असतात, पण तोंड फक्त पुढच्या चूषकाच्या मध्यभागी असते. पोटाकडचा चूषक केवळ धरून राहण्यासाठी आहे. जुन्या अभ्यासकांनाही तो दुसरे तोंड वाटला होता, म्हणूनच या गटाला ‘डिस्टोमा’, म्हणजे दोन तोंडांचा, हे नाव पडले होते. पट्टकृमीच्या डोक्यावरचे चार चूषक तर खाण्याशी मुळीच संबंधित नाहीत; ती नांगराची टोके आहेत. एकंदरीत पर्णकृमींत, म्हणजे यकृतकृमीच्या गटातील कृमींत, पचन आणि शोषण तोंडामार्गे व आतड्यातून होते, आणि त्यांची त्वचा संरक्षणापुरती असते, असे लक्षात ठेवायला हरकत नाही.

रक्तकृमी_अभ्यासक

डॉक्टरसाहेबांचे उत्तर मला फार आवडले, पण त्यांच्या शेवटच्या वाक्याला मला हरकत घ्यावीच लागेल. पर्णकृमींची त्वचा संरक्षणापुरती नसते. यकृतकृमीचे तोंड दोऱ्याने बांधून त्याला ग्लुकोजच्या द्रावणात ठेवले तरी तो ग्लुकोज घेत राहतो, हे जुन्या प्रयोगांतून दिसलेले आहे. पर्णकृमीच्या टेग्युमेंटवर मायक्रोट्रिक्स नसतात, पण घड्या, खळगे आणि काटे असतात, आणि पटल तेवढेच जिवंत असते.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसते ते शिस्टोसोमा या रक्तकृमीत. त्याची जात मॅन्सोनी घेऊ. आतड्याकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरांमध्ये नर आणि मादी जोडीने राहतात. नराच्या शरीराला असलेल्या पन्हळीत मादी बसलेली असते. ते रक्तातच पोहत असल्याने त्यांना अन्नाची दोन दारे मिळाली आहेत, आणि त्या दोन दारांनी वेगवेगळा माल आत येतो.

त्वचेच्या दाराने मुख्यतः ग्लुकोज येते. बाहेरच्या पटलावर ‘एसजीटीपी ४’ आणि आतल्या पटलावर ‘एसजीटीपी १’ नावाचे वाहक आहेत. पहिला ग्लुकोज रक्तातून टेग्युमेंटमध्ये घेतो आणि दुसरा ते तेथून शरीराच्या आत सोडतो. आपल्या कोरड्या वजनाइतके ग्लुकोज हा कृमी सुमारे पाच तासांत आत घेतो, असे मोजले गेले आहे. येथे सोडियमच्या जोडीने ओढण्याची गरज पडत नाही, कारण रक्तात ग्लुकोज भरपूर आहे आणि कृमी ते आत येताच खर्च करत असल्याने बाहेर दाट आणि आत विरळ असा उतार कायम राहतो. हायमेनोलेपिसचे गणित जसेच्या तसे येथे लावू नये, ते याचसाठी.

तोंडाच्या दाराने येतात रक्तपेशी. शिस्टोसोमा मॅन्सोनीची मादी ताशी सुमारे ३,३०,००० तांबड्या पेशी गिळते, तर नर सुमारे ३९,०००. हा फरक पाहून प्रथम आश्चर्य वाटते, कारण नर अधिक जाडजूड असतो. पण मादीला दररोज शेकडो अंडी बनवायची असतात आणि त्यांसाठी अमिनो आम्ले हवी असतात. पेशी ग्रासनलीतच फुटतात. तेथील ग्रंथींचे स्राव हे काम करतात. मग आतड्यात हिमोग्लोबिनवर एकामागून एक विकरे तुटून पडतात. कॅथेप्सिन डी, बी, एल आणि सी, तसेच लेग्युमेन, अशी ही फळी आहे. मोठ्या साखळीचे तुकडे, तुकड्यांचे बारीक तुकडे, आणि शेवटचे कातरकाम अस्तराच्या पेशींच्या आत अमिनोपेप्टिडेज करते.

हिमोग्लोबिन पचवण्यात एक धोका आहे. प्रथिन निघून गेल्यावर लोहयुक्त हीम मागे उरते, आणि मोकळे हीम पेशींना विषारी असते. कृमी त्याचे न विरघळणारे काळे स्फटिक बनवून टाकतो. या पदार्थाला हिमोझोइन म्हणतात. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत बसून जे रंगद्रव्य बनवतो, तेच हे. अधिक रक्त पिणाऱ्या मादीचे आतडे त्यामुळे शरीरातून काळ्या रेघेसारखे आरपार दिसते. हे स्फटिकही शेवटी ओकूनच बाहेर टाकले जातात.

मेदाम्ले, कोलेस्टेरॉल आणि प्यूरिन या तिन्हींसाठी हा कृमीही पोशिंद्यावरच अवलंबून आहे. तोंड, ग्रसनी, आतडे असूनही त्याची परावलंबनाची यादी पट्टकृमीच्या यादीशी बरीच जुळते. म्हणून ‘एकाने आतडे टाकून दिले, दुसऱ्याने ठेवले’ या मांडणीत मी किंचित बदल सुचवीन. शोषण करणारी जिवंत त्वचा दोघांकडेही आहे. आतडे ही तिच्या जोडीला असलेली दुसरी सोय आहे, आणि पट्टकृमीला तिची गरज उरली नाही.

गोठ्याचा_डॉक्टर

हरकत मान्य आहे. ते वाक्य मी सवयीने लिहून गेलो. ‘त्वचा संरक्षणापुरती’ हे शब्द कृपया रद्द समजावेत.

मागचा_बाक

सर्वांचे मनापासून आभार. ‘अंगावर आतडे पांघरलेला प्राणी’ हे आता मी विसरणार नाही. तिसरी अडचण मात्र अजून शिल्लक आहे. उलट ती वाढली आहे, कारण पोशिंद्याची विकरे कृमीच्या अंगाला चिकटतात असे वर सांगितले आहे. अॅमिलेज चिकटले तर फायदा, पण ट्रिप्सिन चिकटले तर? तसेच एक नवी शंका अशी की, पट्टकृमी इतके अन्न पळवत असेल, तर माणूस खंगून जायला हवा. तो खरोखर खंगतो का?

निवृत्त_प्रयोगशाळा

तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले आहे. हाच प्रश्न हायमेनोलेपिसवर विचारला गेला, आणि १९७२ मध्ये पॅपस व रीड यांनी दाखवले की जिवंत कृमी ट्रिप्सिनच्या द्रावणात ठेवला तर ट्रिप्सिनची क्षमता कमी होते. म्हणजे अॅमिलेजचे स्वागत आणि ट्रिप्सिनला नकार, असा दुजाभाव तो करतो. पण हे तो करतो कसे, यावर मतभेद झाले. काहींच्या मते कृमी विकररोधक पदार्थ सोडतो. १९८३ मध्ये मात्र असा मुद्दा मांडण्यात आला की वेगळ्या रोधकाची गरजच नाही. कृमी जी सेंद्रिय आम्ले बाहेर टाकतो, त्यांच्यामुळे त्याच्या भोवतालचा द्रव आम्लधर्मी होतो, आणि किंचित अल्कधर्मी माध्यमात काम करणारे ट्रिप्सिन तेथे मंदावते. मला ही दुसरी कल्पना अधिक आवडते, कारण तिच्यात कचरा आणि ढाल एकच ठरतात. तथापि पहिली कल्पनाही मोडीत काढता येत नाही, कारण प्रथिनभंजक विकरांना रोखणारी कुनिट्झ गटातील प्रथिने पट्टकृमींत पुढे सापडली आहेत. दोन्ही उपाय एकत्र असणे अशक्य नाही.

या उपायांच्या जोडीला दोन गोष्टी आहेत. ग्लायकोकॅलिक्सचा शर्करायुक्त लेप प्रथिनभंजक विकरांना सहजी तोडता येत नाही, आणि पटल सतत नव्याने घडवले जात असते. म्हणून कृमी पचत नाही याचे कारण त्याचे अंग चिवट आहे हे नसून, ते जिवंत आहे हे आहे. मेलेला कृमी त्याच रसांत पचतो.

पित्ताचाही विचार करा. पित्तक्षार पटलातील मेदद्रव्ये विरघळवू शकतात. इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या कुत्र्यात प्रौढ होणाऱ्या पट्टकृमीचे कोवळे डोके काही प्रकारच्या पित्तक्षारांत फुटून जाते आणि कुत्र्याच्या पित्तात मात्र टिकते, असे दिसून आले आहे. कोणता कृमी कोणत्या प्राण्याच्या आतड्यात प्रौढ होऊ शकतो, हे ठरवणाऱ्या अनेक गोष्टींपैकी ही एक असावी.

गोठ्याचा_डॉक्टर

‘मेलेला कृमी पचतो’ याचा अनुभव औषधोपचारात येतो. निक्लोसामाइड कृमीच्या तंतुकणिकांतील ऊर्जानिर्मिती बिघडवते. हे औषध पोशिंद्याच्या आतड्यातून फारच थोडे शोषले जाते, कृमी मात्र ते अंगातून ओढून घेतो. प्राझिक्वांटेल टेग्युमेंटलाच इजा करते आणि स्नायू आखडून टाकते. दोन्ही औषधांनंतर कृमी पुष्कळदा अर्धवट पचूनच बाहेर पडतो, त्यामुळे विष्ठेत त्याचे डोके शोधत बसण्यात अर्थ नसतो. डोके सापडले नाही म्हणजे उपचार फसला, असे काही लोक समजतात. तो गैरसमज आहे.

रक्तकृमी_अभ्यासक

खंगण्याविषयी लिहितो. पट्टकृमी झालेला माणूस सारखे खातो आणि तरी वाळत जातो, ही समजूत सर्वत्र आढळते, आणि तिच्यावर विसंबून वजन उतरवण्यासाठी मुद्दाम कृमी पोटात घेण्याच्या धोकादायक कल्पनाही निघाल्या. प्रत्यक्षात टीनिया सॅजिनाटा हा चार ते बारा मीटर लांबीचा कृमी आतड्यात असूनही पुष्कळांना विशेष काही जाणवत नाही. विष्ठेत हलणारे देहखंड दिसले, की मगच लागण कळते. मीटरमध्ये मोजली जाणारी लांबी ऐकून आपण घाबरतो, पण तो फितीसारखा पातळ प्राणी आहे आणि पुरेसे खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या आहारापुढे त्याची गरज किरकोळ असते. टीनिया सोलियम या दुसऱ्या पट्टकृमीचा खरा धोका तर अन्नाच्या चोरीत नाहीच. त्याची अंडी पोटात गेल्यास अळ्या स्नायूंत आणि मेंदूत जाऊन बसतात, तेथे तो आहे.

एक अपवाद मात्र प्रसिद्ध आहे. गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून येणारा डिफिलोबोथ्रियम लॅटम, ज्याची लांबी दहा मीटरच्याही पुढे जाऊ शकते, तो जीवनसत्त्व बी १२ अधाशासारखे शोषतो. आपल्या जठरातून आलेल्या ज्या प्रथिनाला बांधून हे जीवनसत्त्व आतड्यात पुढे जात असते, त्या प्रथिनापासून ते सोडवून घेण्याचीही त्याची ताकद आहे. कृमी लहान आतड्याच्या वरच्या भागात असेल तर माणसाच्या वाट्याला बी १२ पुरेसे उरत नाही, आणि काही रुग्णांत मोठ्या आकाराच्या तांबड्या पेशींचा रक्तक्षय होतो. येथे चोरी उष्मांकांची नाही. मायक्रोग्रॅममध्ये मोजल्या जाणाऱ्या एका पदार्थाची आहे.

मागचा_बाक

आता एकच छोटी शंका. आतडे असणे आणि नसणे हा फरक कृमीच्या प्रकारावर ठरतो, की अवस्थेवरही? गोगलगायीतील अळ्यांविषयी पुस्तकात फक्त नावे दिली आहेत.

रक्तकृमी_अभ्यासक

पट्टकृमीला अंड्यापासून अखेरपर्यंत कोणत्याही अवस्थेत आतडे नसते. पर्णकृमींत मात्र अवस्थेनुसार फरक पडतो. यकृतकृमीचेच उदाहरण घ्या. गोगलगायीत शिरलेल्या अळीपासून प्रथम स्पोरोसिस्ट बनतो. ती तोंड आणि आतडे नसलेली पिशवी असते आणि पट्टकृमीप्रमाणेच सारे काही अंगातून शोषते. तिच्यात रेडिया तयार होतात. त्यांना तोंड, ग्रसनी आणि पिशवीसारखे साधे आतडे असते, आणि त्या गोगलगायीच्या पाचक ग्रंथीचे लचके तोडून खातात. एकाच गोगलगायीत दोन जातींचे पर्णकृमी शिरले असतील, तर काही जातींच्या रेडिया दुसऱ्या जातीचे स्पोरोसिस्टही खाऊन टाकतात. रेडियांच्या पोटी सर्कारिया जन्मतात. त्यांना तोंड आहे आणि दोन फाट्यांचे आतडेही आहे, पण गोगलगायीतून बाहेर पडून गवतावर कोष करेपर्यंत त्या काहीही खात नाहीत. साठवलेल्या ग्लायकोजेनवर पोहतात. शिस्टोसोमात तर रेडिया ही अवस्थाच नसते. तेथे स्पोरोसिस्टच्या दोन पिढ्या लागोपाठ होतात, आणि गोगलगायीतील त्याचे सगळे आयुष्य तोंडावाचून निघते.